अक्कांचे शंभर टक्के

अक्कांच्या प्रत्येक जाहिरातीची शेवटची ओळ ठरलेली असे: ‘नारळ मिळणार नाही.’ वर पितळी घंगाळाचं वर्णन, कुठं पोचा आहे, कुठं भोक बुजवायला डाग दिलाय, कल्हई कशी आहे, आणि खाली एकदम हे. पहिल्यांदा वाचणारा चक्रावून जायचा. पुण्याच्या एका बाईंनी तर विचारलं होतं, की ही काही धार्मिक अट आहे का.

अट कसली डोंबलाची, तो अनुभव होता. अक्का ऑनलाइन लिलावात जुनी भांडी विकायच्या. फोटोत भांड्याचं माप कळावं म्हणून लोक शेजारी फुटपट्टी ठेवतात. अक्का नारळ ठेवायच्या. त्यांच्या मते फुटपट्टीवरून स्वयंपाकघरातल्या माणसाला काही कळत नाही, नारळावरून लगेच कळतं. तर कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकानं घंगाळ घेतलं, ते पोचलं, आणि त्यानं सरळ तक्रार टाकली: फोटोत नारळ आहे, पार्सलात नाही. मी म्हटलं, थट्टा करतोय मेला, सोडून द्या. अक्कांचा चेहरा मात्र पार उतरला. दुसऱ्या दिवशी पोस्टाचं दार उघडायच्या आधी बाई तिथं हजर. शेंडीसकट, हळदकुंकू लावून, कापडात शिवलेला एक नारळ सोलापूरहून कोल्हापूरला टपालानं गेला, आणि टपालखर्च अक्कांनी पदरचा घातला. गिऱ्हाइकानं खूश होऊन हिरवा शेरा दिला. खाली लिहिलं, ‘गोड निघाला.’

मी त्यांची भाडेकरू. नोकरीनं मला उचलून सोलापुरात आणून टाकलं होतं आणि अक्कांची माडीवरची खोली मिळाली होती. भाडं ठरवताना त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या: इंग्रजी टाइप करता येतं का, आणि भांडायला येतं का. मी म्हटलं, दोन्ही येतं, पण दुसरं जास्त. त्या खूश झाल्या. त्या दिवसापासून कचेरीतून आले, की चहाचा कप हातात आणि अक्कांचा फोन मांडीवर. गिऱ्हाइकांची पत्रं वाचायची, उत्तरं लिहायची, वाद घालायचे. कचेरीत साहेबांपुढं गिळलेलं सगळं मी संध्याकाळी त्या फोनवर ओकायचे. तब्येत सुधारली माझी त्या दिवसांत.

भांडी कुठून आली, तर अक्कांच्या यजमानांचं भांड्याचं दुकान होतं. लोक जुनं तांबं-पितळ मोडीत घालायचे आणि नवं स्टील घेऊन जायचे. मोड वितळवायला पाठवायची असते. पण यजमानांचा जीव व्हायचा नाही. एखादा नक्षीचा डबा, एखादी दुधाची कासंडी बाजूला काढून ते मागच्या खोलीत ठेवून द्यायचे. ते गेले तेव्हा त्या खोलीचं दार उघडेना, इतकी भांडी. पुण्यातला मुलगा म्हणाला, भंगारच्या भावानं देऊन टाक. अक्कांनी त्याच्याकडूनच दिवाळीत लिलावाची ती साइट फोनवर लावून घेतली आणि त्याला परत पाठवून दिलं.

त्या साइटची रीत अशी. माल मिळाला, की गिऱ्हाईक शेरा देतं. हिरवा म्हणजे खूश, पिवळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे नाराज. सोबत दोन ओळी लिहायला जागा. सगळे शेरे हिरवे असले, तर विकणाऱ्याच्या नावापुढं ‘शंभर टक्के’ असं झळकतं. अक्कांच्या नावापुढं ते झळकत होतं आणि त्या शंभरावर बाईंचा जीव होता. देवपूजेच्या आधी फोन. हात लांब करून, मान मागं घेऊन बघायच्या आणि तरी मला हाक मारायच्या, बघ गं, हाय का शंभर. मी दात घासत खाली यायचे, बघायचे आणि म्हणायचे, आहे. मग देवाला फूल.

मला आधी याचं हसू यायचं. मग एकदा शेंगा फोडत बसलो असताना त्या सहज बोलल्या आणि माझं हसू गेलं. अक्का दुधनीकडच्या, कर्नाटकच्या सीमेवरच्या. घरात कन्नड, शाळेत मराठी. चौथीतून काढलं, धाकट्यांना सांभाळायला. लग्न होऊन सोलापुरात आल्या. सासरी भाकरी जाड झाली की बोलणी, पातळ झाली की बोलणी. यजमान भले होते, पण ताट चाटूनपुसून उठायचे आणि तोंडानं अवाक्षर नाही. “जल्मात मला कुनी बरं म्हनलं न्हाय गं,” अक्का म्हणाल्या. “आता कुटली कुटली मानसं, वळख ना पाळख, हिरवं देतेत.” मग फोन पुढं करून मला परत एकदा जुने शेरे वाचायला लावले, जे मला तोवर पाठ झाले होते.

आता या बाईंचं पॅकिंग. सोलापुरात चादरीला काय तोटा. विणताना बिघडलेल्या चादरी अक्का किलोवर आणायच्या आणि भांडं त्यात गुंडाळायच्या, मोर आणि कमळं बाहेर येतील असं. वरून पांढरं कापड, त्याला दाभणानं टाके. बॉम्ब पडला असता तरी आतल्या कासंडीला पोचा पडला नसता. पण या सगळ्याला वजन असतं, आणि टपाल वजनावर असतं. त्यावरून गिऱ्हाइकं कुरकुरायची. पोस्टेज फुकट का नाही, असं कुणी विचारलं, की अक्का मला उत्तर सांगायच्या, “लिही, पोस्ट काय माज्या सासऱ्याचं हाय? हितं या, चा घ्या आन् हातानं घिऊन जा.” मी त्याचं सभ्य भाषांतर करायचे. तरी दोघं-तिघं खरंच आले. चहा पिऊन, पोहे खाऊन गेले. हिरवे शेरे देऊन.

विकणाऱ्यानंही गिऱ्हाइकाला शेरा द्यायचा असतो. बाकीचे लोक ‘छान व्यवहार’ लिहून मोकळे होतात. अक्का विचार करायच्या. एकाला त्यांनी लिहायला लावलं, ‘पैसे वेळेवर. बोलणं गोड. आईवडिलांनी वळण लावलेलं दिसतं.’ दुसऱ्या एका घासाघीस करणाऱ्या बाईंना, ‘बाई चिवट आहेत, पण शब्दाच्या पक्क्या.’ त्या बाईंनी पुढं वर्षभर अक्कांकडूनच भांडी घेतली.

आणि आलेल्या शेऱ्यांत एक गोष्ट मला सुरुवातीला कळायची नाही. ‘तांब्या उत्तम. हुलगेही उत्तम.’ ‘कळशी वर्णनाप्रमाणे. भाकरी कुरकुरीत होत्या, सौ. ना आवडल्या.’ मला वाटायचं, लोक वेडे आहेत. एकदा रविवारी मी घरी असताना पार्सल भरणं चाललेलं पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. अक्का पितळी डब्यात ज्वारी ओतत होत्या. मी विचारलं, हे काय. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी कुठल्या जंगलात वाढले. कुणाच्या घरी भांडं जातंय ते रिकामं पाठवायचं? शेजारणीची वाटी परत करताना आपण त्यात चार दाणे साखर तरी घालतो की नाही? मी म्हटलं, अक्का, ही वाटी परत करणं नाही, ही विक्री आहे. त्या म्हणाल्या, इकलं म्हणून काय झालं, भांडं ते भांडंच की. आणि पिशवीत घालून का नाही, तर पिशवीत घालून द्यायला ते काय दुकान आहे? भांड्यात घालायचं म्हणजे भांड्यात. कुणाला ज्वारी, कुणाला गूळ, कडक भाकरी, घरात जे ताजं असेल ते. आणि जाहिरातीत वजन लिहिलेलं ते रिकाम्या भांड्याचं, टपाल मात्र भरलेल्याचं. बाईंना त्यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं, कारण खाऊचं वजन माणूस मोजत नाही.

एका माणसानं मोजलं.

नाशिकचे कुणी निवृत्त गृहस्थ. झाकणाचा एक देखणा पितळी डबा त्यांनी लिलावात चुरशीनं घेतला होता. त्या आठवड्यात अक्कांनी शेंगाची चटणी कुटली होती, सोलापुरी, भरपूर लसूण घालून, उखळातली. डबा काठोकाठ भरला, दाबून दाबून, झाकण लावलं, चादर, कापड, टाके, पोस्ट. चार दिवसांनी सकाळी हाक आली नाही. मी आपण होऊन खाली गेले, तर अक्का फोन हातात घेऊन पायरीवर बसलेल्या. शंभर गेले होते. लाल शेरा. कारण: पोस्टेज जास्त आकारले. खाली लिहिलेलं: ‘डब्याचे वजन एक, टपाल दुसऱ्याच वजनाचे. ही फसवणूक आहे.’

फसवणूक हा शब्द मी मोठ्यानं वाचायला नको होता.  त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटली नाही, आणि मला चहाही मिळाला नाही, यावरून प्रसंग ओळखा.

मी खवळले. माझ्या अंगात आलंच म्हणा ना. कचेरीतून अर्धी रजा काढून मी त्यांना खासगीत उत्तर लिहिलं. टपालखर्च जेवढा झाला तेवढाच घेतला, पावती जोडली आहे, वर दमडी घेतलेली नाही, आणि आत जी चटणी होती ती मोफत होती. त्यांचं उत्तर आलं, मोफत असेल तर तिचं टपाल माझ्याकडून का? मला राग आला, कारण प्रश्न बिनतोड होता. मग मी साइटच्या तक्रार विभागाकडे गेले. तिथली मुलगी बिचारी फार गोड बोलायची. तिनं विचारलं, मॅडम, चटणी हा वस्तूचा भाग आहे का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग वजन फक्त वस्तूचं धरावं लागेल. मी म्हटलं, बरं, मग आहे. मग जाहिरातीत चटणी का लिहिली नाही? मी म्हटलं, तुमच्या साइटवर पितळी भांड्यांच्या रकान्यात चटणी लिहायची सोय आहे का? ती म्हणाली, वरिष्ठांना विचारून सांगते. वरिष्ठांनी आणखी वरच्यांना विचारलं. कुठंतरी एका काचेच्या इमारतीत टाय लावलेली माणसं शेंगाच्या चटणीवर बैठक घेतायत, या कल्पनेनं मला इतकं हसू फुटायचं, की कचेरीत फाइल तोंडासमोर धरावी लागायची. अक्का मात्र हसत नव्हत्या.

शेवटी निकाल आला. विकणाऱ्यानं टपालाचा फरक परत करावा. तो मिळाल्यावर गिऱ्हाइकाची इच्छा असेल तर त्यानं लाल शेरा बदलून हिरवा करावा. मी म्हटलं, संपलं, फरक टाका त्याच्या अंगावर आणि शंभर परत घ्या. किरकोळ रक्कम होती. अक्का ऐकेनात. पैशाचं त्यांना काहीच नव्हतं. पैसे परत केले तर फसवलं हे कबूल केल्यासारखं होतं, आणि त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. मी समजावलं, चिडले, आदळआपट केली. त्या सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या. मग एकाएकी सूप खाली ठेवून म्हणाल्या, पार्सलावर त्याचा नंबर होता, लाव, मी बोलते.

मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे फार सौम्य आवाज निघाला. मी भांडायची सगळी तयारी करून बसले होते, आणि समोरचा माणूस ‘नमस्कार, बोला’ म्हणत होता. अक्कांनी आपण कोण ते सांगितलं आणि लागलीच विचारलं, की चटणी वाईट होती का.  मग ते गृहस्थ चाचरत बोलायला लागले. चटणी कशी होती ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या घरात कांदा-लसूण येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या आलेला नाही. डबा त्यांनी देवांसाठी घेतला होता. घराण्यातले चांदीचे टाक त्यात ठेवायचे होते. त्यांच्या आई थकलेल्या होत्या, नजर अधू झालेली. मी जायच्या आधी देवांना नीट घर दे, एवढंच त्यांनी मुलाजवळ मागितलं होतं. डबा आला, मुलानं कौतुकानं आईच्या हातात दिला, आईनं झाकण उघडलं आणि वास आला. आईनं डबा अंगणात ठेवायला सांगितला. तो अजून अंगणात होता. घासून, चिंच लावून, उन्हात ठेवून झालं होतं. आई त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती आणि मुलाशी धड बोलतही नव्हती.

“अहो मग पोस्टेजचं काय लिहिलंत,” मी मध्येच ओरडले.

“लाल शेऱ्याच्या फॉर्मात चारच कारणं होती,” ते म्हणाले. “वस्तू फुटली, वस्तू उशिरा आली, वस्तू वेगळी निघाली, पोस्टेज जास्त. लसणाला रकाना नव्हता, आणि घरातलं सोवळं-ओवळं चारचौघांत लिहवेना. त्यातल्या त्यात खरं ते पोस्टेजचंच वाटलं. आणि फसवणूक हा शब्द रागात गेला. चुकलं माझं.”

मला हसावं की रडावं कळेना. मी ज्या माणसाला इतके दिवस मनातल्या मनात कुटत होते, तो बिचारा फॉर्म भरून अडकला होता. मी अक्कांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. देवाच्या डब्यात आपण लसूण घातला, हे त्यांना आत कुठंतरी जाऊन लागलं होतं. त्यांनी फोनसमोर हात जोडले, त्या माणसाला दिसत नव्हते तरी. आईंना सांगा म्हणाल्या, मी मुद्दाम केलं न्हाय. मग डोळे पुसून लगेच व्यवहाराला लागल्या. तस्साच दुसरा डबा आहे, जोडीतला, यजमानांनी दोन्ही बाजूला काढले होते. तो पाठवते, याचे पैसे नकोत, टपाल माझं, आधीच्या टपालाचा फरकही देते. आणि अंगणातला डबा तिथंच असू द्या, झाडांना पाणी घालायला होईल.

ते गृहस्थ नको नको म्हणत होते. मग घाबरत घाबरत त्यांनी विचारलं, की या वेळी आत काही घालणार नाही ना.

इथं अक्कांची खरी पंचाईत झाली. देवांचा डबा आणि रिकामा पाठवायचा. त्यांचे ओठ हलत होते, मला वाटलं आता मोडतंय सगळं. मग त्या हळूच म्हणाल्या, “साखर चालंल का आईस्नी?”

तिकडून विचारून आले ते. दूरवरून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आम्हाला ऐकू आला, ‘चालेल की, खडीसाखर असली तर बरं.’ मी आणि ते गृहस्थ एकदमच हसलो. ते म्हणाले, अक्का, आजच शेरा बदलतो, हिरवा करतो, तुमचे शंभर तुम्हाला परत.

मी टाळीच वाजवणार होते. अक्का म्हणाल्या, “बदलू नगा.”

फोन ठेवल्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. रजा काढल्या, टाय लावलेल्या माणसांशी भांडले, कशासाठी, ह्याच शंभरासाठी ना? माणूस स्वतः होऊन देतोय, आणि बाई नको म्हणतायत. लाल शेरा जन्मभर राहील तिथं, येणारा जाणारा वाचेल, कळतंय का तुम्हाला? मी पायऱ्यांवर पाय आपटत वर जायला निघाले होते, तेवढ्यात त्या बोलल्या, आणि मी अर्ध्या जिन्यात थांबले.

“त्याच्या आईनं डबा भाईर ठिवला, ह्ये खरं हाय की न्हाय? मग लाल बी खरंच हाय. त्ये पुसून हिरवं केलं, तर हिरवी बाकीची हायेत त्ये तरी खरी कशावरनं? मला त्ये समदे शेरे खरे पायजेत गं. जल्मात पयल्यांदा मिळालेत.”

मी खाली आले आणि त्यांच्या शेजारी बसले. मला रडू आलं, चक्क आलं, आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, की तू कशाला रडालीस, तुला लाल मिळालंय का. मग दोघीही हसत सुटलो. त्यांनी मला त्या लाल शेऱ्याखाली उत्तर लिहायला लावलं. विकणाऱ्याला एकदाच उत्तर देता येतं तिथं. मी इंग्रजीत काही सावरासावर करायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला आणि मराठीत सांगितलं. ‘गिऱ्हाईक खरं बोलतंय. टपाल जास्त झालं, त्याहून मोठी चूक म्हणजे न विचारता आत लसणाची चटणी घातली. आईंची माफी मागितली आहे.’ तेवढंच. ते उत्तर अजून तिथं आहे. मी बदली होऊन सोलापूर सोडलं त्याला बराच काळ झाला, तरी अधूनमधून उघडून वाचते.

त्या संध्याकाळी अक्का खडीसाखर आणायला निघाल्या. दारात चपला घालता घालता थांबल्या, मागं वळल्या आणि जरा लाजत विचारलं, की आता नावापुढं काय दिसतंय. मी फोन बघितला. नव्याण्णव आणि पुढं थोडे दशांश, मी सांगितलं.

“म्हंजे बरीच हाय की मी,” अक्का म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन रस्त्याला लागल्या.